‘कधीपासून?’ हे इंग्रजीत नेमके कसे विचारावे

फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागून मला तीन महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. लंडनहून एक पाहुणे तपासणीसाठी आले होते आणि त्यांच्याशी चार शब्द बोलावेत म्हणून, चहाचा कप पुढे ठेवताना, मी बराच वेळ मनात घोळवलेला प्रश्न विचारला: ‘हाऊ लाँग आर यू इन मुंबई?’ ते मुंबईत कधीपासून आहेत, हे मला जाणून घ्यायचे होते. त्यांचे उत्तर आले ‘अनटिल फ्रायडे’. त्यातला ‘फ्रायडे’ एवढाच शब्द माझ्यापर्यंत पोहोचला आणि पाहुणे शुक्रवारीच आले आहेत असे मी साहेबांना सांगून मोकळी झाले. प्रत्यक्षात ते सोमवारी आले होते आणि शुक्रवारी परत जाणार होते. विमानतळावर सोडायची गाडी ठरवण्यावरून जो गोंधळ झाला तो निस्तरताना मला पहिल्यांदा कळले, की माझ्या प्रश्नातला प्रत्येक शब्द बरोबर होता आणि तरीही प्रश्न मला हवा तो नव्हता. ‘आर’ वापरल्यामुळे ‘तुम्ही इथे किती दिवस आहात’, म्हणजे ‘किती दिवस राहणार’, असा त्याचा अर्थ झाला होता.

चालू असलेली गोष्ट केव्हा सुरू झाली, हे विचारणे मराठीत फार सोपे आहे, कारण ‘कधीपासून’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत त्या एका शब्दाचे काम तीन-चार वेगवेगळ्या रचना वाटून घेतात, आणि शाळेत त्या आपल्याला काळांच्या तक्त्यात शिकवल्या जात असल्या तरी प्रश्न विचारण्याच्या अंगाने क्वचितच शिकवल्या जातात. मी मराठी माध्यमातून शिकले. पुढे आमच्या चाळीतल्या मुलांना मुलाखतीची तयारी करून देताना त्याच चुका त्यांच्या तोंडून ऐकल्या. त्यातून जे हाती लागले ते इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी हाताशी काय असावे

एक साधी वही, मोबाइलमधला आवाज नोंदवण्याचा अॅप आणि शक्य असेल तर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला, भरपूर उदाहरणे असलेला एखादा इंग्रजी शब्दकोश, एवढे पुरते. याशिवाय एक कागद मात्र अवश्य तयार करावा, त्याला मी ‘तारखांचा कागद’ म्हणते. सध्याच्या घरात कोणत्या महिन्यात राहायला आलात, नोकरी किंवा शिक्षण कोणत्या तारखेला सुरू झाले, आधीची नोकरी कधी सुटली, एखादा अभ्यासक्रम चालू असल्यास तो केव्हा सुरू केला, हे सगळे त्यावर महिना आणि वर्ष यांसह लिहून ठेवावे. मुलाखतीत व्याकरण अडते त्याहून जास्त वेळा तारीखच आठवत नाही, आणि ती आठवण्याच्या धांदलीत येत असलेले व्याकरणही बिघडते.

1. प्रश्न आधी मराठीतच बदलून घ्या

ही पायरी मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही, पण तिचा उपयोग सर्वांत जास्त झाला. ‘तुम्ही इथे कधीपासून राहता?’ हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत न्यायला गेलो, की ‘फ्रॉम व्हेन यू आर लिव्हिंग हिअर’ असे काहीतरी तयार होते. ‘राहता’ हे मराठीत वर्तमानकाळी रूप आहे, त्यामुळे आपण इंग्रजीतही वर्तमानकाळच घेतो आणि तिथेच घसरतो.

पण मराठीत हाच प्रश्न विचारण्याची दुसरी रीत आपण रोज वापरतो. फलाटावर उशिरा पोहोचलेली मैत्रीण विचारते, ‘किती वेळ झाला गं थांबलीयेस?’ शेजारी नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला आजी विचारतात, ‘मुंबईत येऊन किती वर्षं झाली?’ या दोन्ही प्रश्नांत ‘झाला’, ‘झाली’ आहे. म्हणजे आतापर्यंत किती काळ उलटला, याचा हिशेब त्यात आहे. इंग्रजीला नेमका हाच हिशेब हवा असतो. म्हणून डोक्यात ‘कधीपासून’ आला, की तोंड उघडण्याआधी त्याचे ‘किती वेळ झाला’ किंवा ‘किती वर्षे झाली’ असे रूपांतर करावे. सुरुवातीला यात दोन सेकंद जातात, पण समोरचा तेवढा थांबतो.

2. ‘हाऊ लाँग’ आणि त्यामागे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’

आता ‘किती वेळ’ याच्या जागी ‘हाऊ लाँग’ ठेवा आणि ‘झाला’ याचे काम ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ यांना द्या. क्रियापदाला शेवटी ‘इंग’ लावले, की शाळेत ज्याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणत, तो तयार झाला:

‘हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग इन मुंबई?’
‘हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?’
‘हाऊ लाँग हॅज युअर ब्रदर बीन लर्निंग जर्मन?’

पहिला सापळा शब्दांच्या क्रमाचा आहे. मराठीत प्रश्न करताना कर्ता आणि क्रियापद यांची जागा बदलावी लागत नाही, त्यामुळे ‘हाऊ लाँग यू हॅव बीन वर्किंग’ असे सहज निघून जाते. थेट प्रश्नात ‘हॅव’ आधी आणि ‘यू’ नंतर येतो. गंमत अशी, की अदबीने विचारताना हाच क्रम पुन्हा सरळ होतो: ‘मे आय आस्क हाऊ लाँग यू हॅव बीन वर्किंग हिअर?’ म्हणजे जे वाक्य एकटे उभे राहिले तर चुकीचे ठरते, तेच ‘मे आय आस्क’च्या मागे बसले की बरोबर ठरते. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाशी बोलताना हीच रचना पाठ करून ठेवावी, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या ‘विचारू का’ची अदब तिच्यात येते.

दुसरा सापळा कानाचा आहे. इंग्रजी सराईतपणे बोलणारा माणूस ‘हाऊ लाँग हॅव यू बीन’ हे चार-पाच सुटे शब्द म्हणत नाही. ‘हाऊ लाँगव्ह्यू बिन’ असा एक गोळा कानावर पडतो आणि ‘हॅव’ जवळजवळ गिळला जातो. तो ऐकू आला नाही म्हणून आपणही बोलताना वगळतो. यावर उपाय एकच: तोच प्रश्न स्वतःच्या आवाजात आधी सावकाश आणि मग भरभर नोंदवून परत ऐकावा.

माझ्या चहाच्या कपाशेजारचा प्रश्नही इथेच दुरुस्त होतो. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन इन मुंबई?’ असे विचारले असते, तर ‘सिन्स मंडे’ असे उत्तर मिळाले असते. ‘आर’ पुढे पाहतो, ‘हॅव बीन’ मागे पाहतो.

3. नेमकी तारीखच हवी असेल तर

कधी कधी आपल्याला उलटलेला काळ नको असतो, सुरुवातीचा क्षणच हवा असतो. अशा वेळी सरळ भूतकाळात विचारावे: ‘व्हेन डिड यू स्टार्ट वर्किंग हिअर?’ किंवा ‘व्हेन डिड यू मूव्ह टू मुंबई?’ काम अजून चालू असले तरी ते सुरू होण्याची घटना घडून गेली आहे, म्हणून ‘डिड’. ‘व्हेन हॅव यू स्टार्टेड’ असे मात्र म्हणू नये. सुरुवातीची वेळ विचारणारा ‘व्हेन’ आणि ‘हॅव’ यांचे इंग्रजीत जमत नाही.

मुंबईच्या कचेऱ्यांत सर्रास ऐकू येणारा एक प्रश्न इथे वेगळा काढून दाखवते: ‘हाऊ लाँग हॅव यू जॉइन्ड?’ जॉइन होणे ही एका क्षणाची गोष्ट आहे, ती किती वेळ चालली असे विचारता येत नाही. ‘जॉइन होऊन किती महिने झाले?’ हे आपले मराठी वाक्य मात्र निर्दोष आहे आणि त्याला इंग्रजीत तितकीच निर्दोष जोड आहे: ‘हाऊ लाँग हॅज इट बीन सिन्स यू जॉइन्ड?’ याहून आखूड हवे असेल तर ‘व्हेन डिड यू जॉइन?’ पुरेसे आहे. पोहोचणे, सुरू करणे, संपवणे, सोडणे अशा सगळ्या क्षणिक क्रियांना हेच लागू पडते.

4. ‘सिन्स व्हेन’ जपून वापरा

‘कधीपासून’ला शब्दशः जोड शोधणाऱ्याला ‘सिन्स व्हेन’ सापडतो आणि तो खजिना मिळाल्यासारखा सगळीकडे वापरू लागतो. मीही वापरला. दुसऱ्या विभागातल्या, माझ्याहून बऱ्याच वरिष्ठ बाईंना मी ‘सिन्स व्हेन आर यू हँडलिंग धिस अकाउंट?’ असे विचारले आणि त्यांचा चेहरा उतरला. मला माहिती हवी होती. त्यांना मात्र ‘हे खाते तुम्ही केव्हापासून सांभाळायला लागलात म्हणे?’ असे ऐकू आले.

हे समजायला मराठी माणसाला खरे तर अडचण पडू नये. ‘तू कधीपासून एवढा शहाणा झालास?’ या वाक्याला कोणी तारीख सांगत नाही. मराठीत हा टोमणा आवाजाच्या चढावरून कळतो आणि साध्या स्वरात ‘कधीपासून’ निरुपद्रवी राहतो. इंग्रजीत मात्र वाक्याच्या आरंभी आलेल्या ‘सिन्स व्हेन’ला आश्चर्याचा किंवा आव्हानाचा वास बहुतेक वेळा येतोच, विशेषतः त्यापुढे ‘डू यू’ किंवा ‘आर यू’ आले तर. ‘सिन्स व्हेन हॅव यू बीन वर्किंग हिअर?’ हे व्याकरणात बसते, पण अनोळखी माणसाला विचारण्याजोगे नाही.

एक जागा मात्र निर्धोक आहे. समोरच्याने आपणहून सांगितले, की तो हल्ली ठाण्याला राहतो, आणि त्यावर तुम्ही नुसते ‘ओह, सिन्स व्हेन?’ असे सौम्यपणे म्हणालात, तर त्यात काही वावगे नाही.

‘फ्रॉम व्हेन’बद्दल एवढेच, की तो पास किंवा सवलत कोणत्या दिवसापासून लागू होईल, यांसारख्या प्रश्नांत शोभतो. आजवर चालत आलेल्या कामासाठी तो घेऊ नये.

5. उत्तर देताना: ‘सिन्स’ की ‘फॉर’

प्रश्न साधला तरी उत्तरात गाडी घसरते आणि याला जबाबदार आहे आपला ‘पासून’. तो ‘सोमवारपासून’मध्येही लागतो आणि ‘दोन वर्षांपासून’मध्येही. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’ आणि दुसऱ्याला ‘फॉर’. ‘सिन्स टू इयर्स’ ही या शहरातली सर्वांत जास्त बोलली जाणारी चूक असावी. बँकेच्या खिडकीपासून मुलाखतीच्या खोलीपर्यंत मी ती ऐकली आहे आणि स्वतःही पुष्कळ वर्षे केली आहे.

यावरचा उपायही मराठीतच आहे. ‘दोन वर्षांपासून’ असे मनात आले, की त्याचे ‘गेली दोन वर्षे’ करावे. ‘गेली सोमवार’ असे आपण कधीच म्हणत नाही. म्हणजे ज्याला ‘गेली’, ‘गेले’ लावता येते तो काळाचा लांब तुकडा, त्याला ‘फॉर’. ज्याला फक्त ‘पासून’ लागतो तो काळावरचा एक ठिपका, त्याला ‘सिन्स’. ‘फॉर टू इयर्स’, ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर अ लाँग टाइम’; आणि ‘सिन्स 2019’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स नाइन ओ’क्लॉक’, ‘सिन्स आय केम टू मुंबई’. या शेवटच्या उदाहरणात ‘सिन्स’च्या पोटातले क्रियापद साध्या भूतकाळात आहे, हे लक्षात ठेवावे.

‘गेली’ म्हटल्यावर ‘लास्ट’ आठवतो आणि मग ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ असा जोडीचा घोटाळा होतो. बरोबर रूप ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ असे आहे. त्यातला ‘द’ही गाळू नये. ‘सिन्स लास्ट मंडे’ मात्र बरोबर, कारण मागचा सोमवार हा ठिपका आहे. ‘सिन्स लाँग’ हा आपल्याकडे रूढ झालेला प्रयोग बाहेरच्या माणसाला अर्धवट वाटतो. ‘सिन्स मॉर्निंग’चेही तसेच आहे, ‘सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणावे. मुंबईतल्या मुंबईत यांतले बरेच चालून जाते, आणि चालू द्यायलाही माझी हरकत नाही. ज्या ठिकाणी तुमची परीक्षा घेतली जात आहे, तिथे मात्र काळजी घ्यावी.

6. ज्यांना ‘इंग’ सोसत नाही अशी क्रियापदे

ओळखणे, असणे, जवळ असणे, मालकीचे असणे, आवडणे, विश्वास असणे या क्रिया नसून स्थिती आहेत, आणि इंग्रजी त्यांना सहसा ‘इंग’ लावू देत नाही. ‘मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखते’ याचे ‘आय हॅव बीन नोइंग’ होत नाही. ‘आय हॅव नोन देम फॉर टेन इयर्स’ होते. प्रश्नही तसाच: ‘हाऊ लाँग हॅव यू नोन हर?’

दवाखान्यात याची गाठ हमखास पडते. इंग्रजी बोलणारे डॉक्टर विचारतात, ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस कफ?’ इथे ‘हॅव’ आणि ‘हॅड’ एकामागोमाग ऐकून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. पहिला ‘हॅव’ काळाचा, दुसरा ‘हॅड’ खोकला असण्याचा. उत्तर साधे द्यावे: ‘फॉर थ्री डेज’ किंवा ‘सिन्स सॅटरडे’. पूर्ण वाक्य बोलण्याचा अट्टहास तिथे करू नये, खोकल्याकडे लक्ष असलेल्या डॉक्टरांना त्याची गरज नसते.

लग्नाचा प्रश्न तर आपल्याकडे तिसऱ्या वाक्यात येतो. ‘हाऊ लाँग हॅव यू मॅरीड?’ असे विचारले जाते. हवे असते ‘हाऊ लाँग हॅव यू बीन मॅरीड?’ इथला ‘बीन’ विवाहित असण्याचा आहे, त्यामुळे तो गाळता येत नाही. असा प्रश्न विचारावा की नाही, हा भाग निराळा.

7. गोष्ट संपली असेल तर ‘हॅव’ काढून टाका

‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ आलाच पाहिजे, अशी समजूत करून घेऊ नये. मुंबईत पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि रेल्वे आजही चालू आहे, म्हणून ‘ट्रेन्स हॅव बीन रनिंग हिअर सिन्स 1853’. ट्राम 1874 मध्ये घोड्यांनी ओढत सुरू झाली आणि 1964 मध्ये बंद पडली, म्हणून ‘ट्राम्स रॅन हिअर फॉर नियर्ली नाइन्टी इयर्स’. दुसऱ्या वाक्यात ‘हॅव बीन रनिंग’ घातले, तर ऐकणारा दादरला ट्राम शोधायला निघेल.

मुलाखतीत हा फरक महागात पडतो. चाळीतला एक मुलगा आधीची नोकरी सोडून चार महिने घरी होता, आणि मुलाखतीत त्या नोकरीबद्दल ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर टू इयर्स’ असे बोलला. समोरच्यांनी साहजिकच विचारले, की मग राजीनाम्यानंतर किती दिवसांनी मोकळे होणार? तो गोंधळला आणि काहीतरी लपवतो आहे असे चित्र उभे राहिले. ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हटले असते, तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून तारखांच्या कागदावर संपलेल्या गोष्टींखाली रेघ मारून ठेवावी आणि रेघेच्या वरच्या कोणत्याही ओळीसाठी ‘हॅव’ उच्चारू नये.

किती वेळा, किती पाने, किती अर्ज असा आकडा सांगायचा असेल तर ‘इंग’ टाळावे, एवढी पुरवणी इथेच जोडते: ‘आय हॅव कॉल्ड थ्री टाइम्स’ म्हणावे, ‘आय हॅव बीन कॉलिंग थ्री टाइम्स’ नव्हे.

8. सराव फलाटावर करा

घरी आरशासमोर बसून हा सराव होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याला खरे घड्याळ लागते. सकाळी स्थानकावर गाडीची वाट पाहताना इंडिकेटरवरची वेळ पाहावी आणि मनात विचारावे, ‘हाऊ लाँग हॅव आय बीन वेटिंग?’ उत्तर दोन्ही तऱ्हांनी द्यावे: ‘सिन्स एट टेन’ आणि ‘फॉर ट्वेल्व्ह मिनिट्स’. शेजारी बाकावर पेपर वाचत बसलेल्या काकांबद्दल ‘हाऊ लाँग हॅज ही बीन रीडिंग?’ असे मनातल्या मनात विचारावे, म्हणजे ‘हॅज’ची सवय होते. पाऊस पडत असेल तर आणखी एक वाक्य फुकट मिळते: ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स लास्ट नाइट.’

सोबत शिकणारी मैत्रीण असेल तर एकीने मराठीत ‘कधीपासून’चा प्रश्न टाकावा, दुसरीने आधी त्याचे ‘किती वेळ झाला’ करावे आणि मगच इंग्रजीत बोलावे. मधली पायरी गाळू दिली, की पहिल्या आठवड्यात चुका पुन्हा डोके वर काढतात.

गाडी आली, आत शिरायला जागा मिळाली आणि वाट पाहणे संपले, की तेच वाक्य एक पाऊल मागे न्यावे. ‘हॅव’चा ‘हॅड’ होतो: ‘वी हॅड बीन वेटिंग फॉर ट्वेल्व्ह मिनिट्स व्हेन द ट्रेन केम.’ उशीर का झाला, हे कचेरीत पोहोचल्यावर सांगताना याच वाक्याची गरज पडते.